निर्धूम अग्नी आणि भिलाईची चूल

स्वयंपाकाचा इतिहास लिहिताना धान्याचा, मसाल्यांचा आणि भांड्यांचा विचार होतो. ज्या आगीवर हे सारे शिजते तिच्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः काय शिजवावे आणि कसे शिजवावे, याचा निर्णय पुष्कळदा सरपणच करीत असते. छत्तीसगढमधील दुर्ग जिल्हा आणि त्यातील भिलाई ही पोलादनगरी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. कारण तेथे घरची चूल आणि देशातील एक प्रचंड भट्टी शेजारी शेजारी पेटल्या.

हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा येथे शिरकाव झाला. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी दोन्हीकडची वहिवाट तुटली नाही. विदर्भात पळसाच्या पानांत कणकेचे पानगे भाजतात, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात. छत्तीसगढात तांदळाच्या पिठात उरलेला भात मळून, ती जाड भाकरी पानांत धरून निखाऱ्यावर भाजतात आणि तिला अंगाकर म्हणतात. धान्य बदलले, पण विद्या एकच राहिली.

या विद्येचे मर्म थांबण्यात आहे. मातीच्या चुलीत जाळ असतो तोवर आधण येते, भात शिजतो. मागच्या वैलावर वरण मंद आचेवर राहते. जाड भाकरी मात्र जाळावर टाकली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून लाकूड पुरते जळून धूर सरेपर्यंत वाट पाहायची, मग निखारे पुढे ओढायचे आणि पानांच्या ओलाव्यात भाकरी सावकाश भाजू द्यायची. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात अंगारकर्कटी नावाचा असाच पदार्थ आला आहे. कणकेचे गोळे धूर नसलेल्या अग्नीवर हळूहळू भाजावेत, असे तेथे सांगितले आहे. अन्नाला धूर लागू नये, ही दक्षता इतकी जुनी आहे.

लोखंडाची कथाही सरपणाचीच कथा आहे. मैकल डोंगरांतील अगरिया लोक लाकडी कोळशावर, मातीच्या लहानशा भट्टीत, पायाने भाते चालवून लोखंड गाळीत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांचे शोधपथक दुर्ग जिल्ह्यातील राजहरा डोंगरांपर्यंत पोहोचले होते. तेथे उत्तम खनिज होते, पण जवळपास भट्टीस योग्य असा दगडी कोळसा नव्हता; अखेर कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला. भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. खनिज दल्ली-राजहऱ्याहून आले, कोळसा मात्र रेल्वेने दूरवरून आणावा लागला.

झोतभट्टीला कच्चा कोळसा चालत नाही. तो हवाबंद कोठ्यांत एक हजार अंशांहून अधिक तापमानाला कित्येक तास भाजून त्याचा कोक करावा लागतो. या भाजणीत निघणारा वायू आणि डांबर नळ्यांतून गोळा करतात. तो वायू पुन्हा भट्ट्यांसाठी इंधन म्हणून वापरतात. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने धुराला मोल होते, म्हणून त्याची मोजदाद झाली आणि त्यासाठी यंत्रे बसली. आसपासच्या खेड्यांतील चुलीचा धूर मात्र छपरात, डोळ्यांत आणि छातीत साठत राहिला. त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला गेला नाही, कारण तो सोसणाऱ्या बाईच्या श्रमाला मजुरी नव्हती.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९४० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली मगन चूल घडवली गेली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये संपला. धुराडी काजळीने भरली, फुटलेल्या चुली कोणी दुरुस्त केल्या नाहीत. शिवाय अरुंद तोंडाच्या चुलीतून निखारे पुढे ओढायला जागाच नसेल, तर अंगाकर भाजायची कुठे? चूल करणाऱ्याने पाणी तापवण्याचा हिशेब केला. भाकरी भाजणारीला विचारले नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यांत पोहोचू लागला. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगढातील सुमारे एक तृतीयांश घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन असल्याचे आढळले. सिलिंडर भरून आणायला रोख पैसा लागतो. काटक्या वेचायला केवळ बाईचा वेळ लागतो, आणि तो फुकट समजला जातो.

चुलीवरच्या भाकरीची चव आज शहरी उपाहारगृहांत दाम मोजून विकत घेतली जाते. त्या चवीत खोटे काही नाही; निखाऱ्याची ओळख ही खरी विद्या आहे आणि ती टिकावी. परंतु चुलीचा गौरव करताना तिच्यासमोर बसलेल्या बाईला विसरता येणार नाही. भाकरीसाठी धूर सरण्याची वाट पाहण्याचे शहाणपण आपल्याकडे शतकानुशतके आहे. ती भाजणारीच्या वाट्याला तेच शहाणपण अजून पुरते आलेले नाही.