बांबू: झाड की गवत?

वनस्पतीशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. बांबू म्हणजे गवत, गहू-ज्वारीच्या कुळातलं. पण १९२७च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. इंग्रजांचं वनस्पतीशास्त्र कच्चं नव्हतं बरं का! झाड म्हटलं की तोड आणि वाहतूक वनखात्याच्या हातात जाते, एवढंच.

१८५३मध्ये नागपूरचे रघुजी तिसरे वारसाविना वारले, राज्य खालसा झालं आणि चांद्याचं जंगल कंपनीकडे गेलं. बाबूराव शेडमाके लढले. २१ ऑक्टोबर १८५८ला त्यांना चांद्यात फाशी दिलं. पण माझ्या मते जंगलावरचं राज्य खरं पक्कं झालं ते अशा व्याख्यांनी. स्वातंत्र्यानंतरही त्या तशाच चालू राहिल्या.

आता गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. गोंडांचं छोटं गाव, ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटलं आणि त्याखाली २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचं पुस्तक वनखात्याकडे. खात्याचं म्हणणं, बांबू हे लाकूड! शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

जुन्या व्याख्येतून बांबू निघाला तो नोव्हेंबर २०१७च्या अध्यादेशाने. तोही शेतात लावलेल्या बांबूसाठी. जंगलातल्या बांबूचे नियम तेच राहिले.