दोन बोटांचा आस

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी गावी गेलो होतो (संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी). काका पडवीत पाग दुरुस्त करत बसले होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिसं लावलेलं. मी उगाच विचारलं, "काका, याची भोकं केवढी ठेवायची हे कोण ठरवतं?" त्यांनी दोन बोटं पुढे केली. "दोन बोटांचा आस. आजोबा पण हाच ठेवायचे." आस म्हणजे जाळ्याचं भोक.

"मग आजोबांसारखे हातभर मासे आता का मिळत नाहीत?"

"मोठे व्हायला ठेवतो कुठे आपण?"

एवढं बोलून काका सुतळी शोधायला आत गेले. मी मात्र पुण्याला परत आल्यावर पुढचे चार वीकेंड याच विषयावर घालवले. त्यातलं थोडंसं इथे.

हातभर मासा म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव खडशीचं, म्हणजे महासीर. पुण्याच्या लोकांना सांगायला हरकत नाही की दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव पुण्यातून गेलंय. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पिकं, पक्षी, मासे, काही सोडलं नाही. मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला त्याला जो मासा मिळाला त्याला त्याने 'खुद्री' नाव दिलं (१८३९). गंमत म्हणजे बाबाने लॅटिन नावं शोधत बसण्यापेक्षा कोळ्या-भोयांकडून ऐकलेली मराठी नावंच लॅटिनच्या शेपटीला बांधून दिली. शिंगटी, कोळस, मळ्या.. सगळे आज जगभरच्या शास्त्रीय याद्यांत आहेत.

सायक्सनंतर काही दशकांत सूर बदलतो. एच. एस. थॉमस हा मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला साहेब, दक्षिण कॅनरात म्हणजे मंगळूरकडे नोकरीला. १८७३ साली त्याचं 'द रॉड इन इंडिया' आलं. गळ टाकून मासे पकडण्याच्या छंदाचं ते बायबलच. महासीर विलायतेतल्या सामनलाही ताकदीत हरवतो असं त्याचं ठाम मत. त्याच वर्षी फ्रान्सिस डे या सरकारी मत्स्य-अधिकाऱ्याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर जाडजूड अहवाल दिला. दोघांची तक्रार एकच: बारीक आसाची जाळी, ओढ्यांत आडवे बांधलेले सापळे, पाण्यात कालवलेलं विष. पिल्लंच संपताहेत.

आता इथे माझ्यासारख्याचं रक्त जरा उसळतं. छंदासाठी गळ टाकणारा साहेब पोटासाठी जाळं टाकणाऱ्या भोयाला शहाणपण शिकवणार! पण राग बाजूला ठेवून बघितलं तर निदान आसाच्या बाबतीत साहेब बरोबर होता.

पुढे १८९७ चा इंडियन फिशरीज अॅक्ट आला. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याचं काय? तर नियम करायचे की नाही हे प्रांतिक सरकारांनी बघावं. सुरुंगाला गुन्हा म्हणणं सोपं, तो करताना माणूस चोरच दिसतो. जाळं विणणारा म्हातारा कोणाला गुन्हेगार वाटेल?

पण सगळं गणित त्या आसातच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर जाळं म्हणजे फिल्टर. आसापेक्षा बारीक मासा निसटतो, मोठा अडकतो. मळ्या, दांडवण असले छोटे मासे वर्षभरात, बोटभर असतानाच वयात येतात आणि अंडी घालतात. दोन बोटांच्या आसातून ते आरामात पार होतात. महासीरची मादी वयात यायलाच तीनेक वर्षं लागतात. तोवर ती हातभर होते, आणि वीतभर झाल्यापासूनच त्या आसात अडकायला लागते. म्हणजे एकदाही अंडी घालण्याआधी तिला दोन-अडीच वर्षं रोज जाळं चुकवायचं असतं. त्यात रोहूच्या पोटात किलोमागे लाखांनी अंडी, महासीरच्या पोटात काही हजार. तेव्हा जाळं एकच, पण एका माशाला ते चाळण आणि दुसऱ्याला भिंत. नदीत मासे 'भरपूर' दिसत राहतात, फक्त मोठी जात गायब होते, आणि म्हणून कोणाच्या लवकर लक्षात येत नाही.

तरी सुताच्या जाळ्याला मर्यादा होत्या. ते कुजायचं, झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून वाळवावं लागायचं. नायलॉन आला आणि ती सुट्टी संपली. कांडाळ रात्रभर पाण्यात सोडून घरी झोपायला जाता येऊ लागलं. मग धरणं आली, ठेके आले. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली, आणि पुढे गंगेतले रोहू, कटला, मृगळ महाराष्ट्राच्या धरणांत पोचले. ठेकेदार संस्थेने बीज सोडायचं आणि जाळं लावून काढायचं. त्यात किलोभराची खडशी आली तर ती काही परत सोडत नाहीत. बाजारात तिलाही भाव आहेच. अर्थात सगळं पाप जाळ्याच्या माथी मारणं खोटं होईल. अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाची वाट धरणाने आधीच अडवलेली असते, आणि जिलेटिनच्या कांड्या कायद्याला सव्वाशे वर्षं झाली तरी फुटतातच.

महासीर वाचला तो दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे जाळं नव्हतं. एक, लोणावळ्याजवळ वळवणला. टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० नंतर महासीरची कृत्रिम पैदास बसवली. अंडी ओल्या कापसात घालून दूर पाठवता येतात हेही दाखवलं. पण त्याच लोणावळ्याच्या वंशाचे मासे कावेरीत सोडले गेले आणि तिथे पसरले, आणि तिथला मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे हटला. २०१८ साली त्याची नोंद 'अति धोक्यात' अशी झाली, तर आपल्या खुद्रीला त्याच वर्षी धोक्याच्या यादीतून खाली आणलं. हे वाचल्यावर लोणावळ्याचं कौतुक करायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं ठिकाण महाडजवळचं वाळणकोंड, काळ नदीवरचा डोह. काठावर वरदायिनी देवी, आणि मासे तिचे. म्हणून धरायचे नाहीत, बस्स. वर उभं राहून चुरमुरे टाकले की पाणी काळंभोर होऊन उकळल्यासारखं दिसतं. मुंबई-गोवा हायवेवरून गावी जाताना वाट वाकडी करून जरूर बघा. तिथे आसाचा प्रश्नच येत नाही.

आमच्या वहाळावर असली देवी नाही. यंदा जूनमध्ये काकांचा फोन आला, "चढण लागली रे, ये." पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वहाळातून वर चढतात, ते चढणीचे मासे. पोटात गाभोळी असते म्हणून चवीला सगळ्यात भारी. मी रजा टाकून गेलो. रात्री गुडघाभर पाण्यात टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. तिसऱ्या फेकीत इतरांहून वेगळा एक वीतभर मासा आला, मोठ्या खवल्यांचा, अंगावर सोनेरी झाक. काकांनी उलटापालटा करून बघितला.

"खडशीचं पोर दिसतंय."

मी टॉर्च धरून उभा होतो. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण मागचे चार वीकेंड त्या पावसात कुठून सांगणार होतो? काकांनी तो टोपलीत टाकला आणि पाग झटकला. रात्री तिखलं झालं. त्यात तो कुठला, ते ओळखू आलं नाही.