नेटवर्क ग्राफमधील रेषांना आकड्यांनुसार रंग कसा देतात?

कोण कोणाशी जोडलेले आहे हे दाखवणाऱ्या आकृतीला नेटवर्क ग्राफ म्हणतात. त्यातील बिंदू म्हणजे ‘नोड’ आणि त्यांना जोडणारी रेषा म्हणजे ‘एज’. सगळ्या रेषा एकाच रंगाच्या असतील, तर संबंध आहे एवढेच कळते. तो किती घट्ट आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक रेषेला तिच्या आकड्यानुसार रंग देतात.

एक तयार उदाहरण

पायथनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत सरावासाठी व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’ (१८६२) या कादंबरीचा ग्राफ मिळतो. त्यात ७७ पात्रे आणि २५४ रेषा आहेत. ही माहिती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी संकलित केली. दोन पात्रे किती वेळा एकत्र येतात, तो आकडा म्हणजे त्या रेषेचे ‘वेट’. वालज्यां आणि कोझेत यांच्या रेषेचे वेट सर्वांत जास्त, म्हणजे ३१ आहे.

कोडमधील पायऱ्या

१. ग्राफमधील रेषांवरून क्रमाने जाऊन प्रत्येकीच्या वेटची यादी करावी.
२. रेषा काढणाऱ्या फंक्शनमध्ये ही यादी ‘एज कलर’ म्हणून आणि रंगपट्टी ‘एज सीमॅप’ म्हणून द्यावी.
३. शेजारी रंगांचा अर्थ सांगणारा ‘कलरबार’ जोडावा.

चुका कुठे होतात?

क्रम: यादी वेगळ्या फाइलमधून घेतली आणि तिचा क्रम ग्राफमधील रेषांच्या क्रमाशी जुळला नाही, तरी प्रोग्राम तक्रार करत नाही. चित्र सुंदर येते, पण रंग भलत्याच रेषांना लागतात. म्हणून यादी त्याच ग्राफमधून घ्यावी.

मर्यादा: किमान आणि कमाल आकडा ठरवून दिला नाही, तर तो त्या ग्राफच्याच माहितीतून घेतला जातो. त्यामुळे एका चित्रातला पिवळा म्हणजे ३१ आणि दुसऱ्यातला पिवळा म्हणजे १० असू शकतो. दोन ग्राफची तुलना करायची असेल, तर दोन्हींना सारख्याच मर्यादा द्याव्यात.

मोठा आकडा: १ ते ३१ च्या साध्या पट्टीवर ३ हा आकडा जेमतेम ७ टक्क्यांवर येतो, लॉगरिदमच्या पट्टीवर तो सुमारे ३२ टक्क्यांवर जातो. त्यामुळे लहान आकड्यांतील फरकही डोळ्यांना दिसतो. मात्र कलरबारवर मूळ आकडेच लिहावेत.

पार्श्वभूमी: मॅटप्लॉटलिबची नेहमीची ‘व्हिरिडिस’ पट्टी जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाते. रंगांधळेपणा असलेल्यांनाही ती वाचता येते. पण पांढऱ्या कागदावर पिवळी रेषा, म्हणजे सर्वांत घट्ट संबंध, फिकट दिसतो. अशा वेळी पट्टी उलटी वापरावी.

सोशल मीडियावर असा रंगीत ग्राफ दिसला, तर आधी कलरबार शोधावा. तो नसेल, तर गडद रेषा म्हणजे घट्ट संबंध असे गृहीत धरू नये.