घोणस आणि बारा आठवडे

आमच्या अंबडच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. दर पावसाळ्यात तिथे घोणस निघाल्याची आवई उठते, सर्पमित्राला फोन जातो आणि निघते धामण. एकदा मात्र खरीच घोणस निघाली. कुकरच्या शिट्टीसारखा तो आवाज अजून कानात आहे.

धाकट्या बहिणीचा तिसरा गर्भपात झाला, तेव्हा डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली. डीआरव्हीव्हीटी. त्यातला 'रसेल्स व्हायपर' म्हणजे आपली घोणसच, हे कळल्यावर मी चाटच पडले. मावश्या, आत्या सगळ्या फोनवर विचारताहेत, म्हणून तिला विचारूनच इथे लिहितेय.

रसेल म्हणजे पॅट्रिक रसेल, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचं त्याचं पुस्तक १७९६ चं. (आपल्याकडे घोणस त्याच्या कितीतरी आधीपासून घोणसच होती, पण असो.) पुढे १९३४ मध्ये लंडनला मॅकफार्लेन हा डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातला बार्नेट यांनी निरनिराळी विषं तपासली. हिमोफिलियाच्या रुग्णाचं न थांबणारं रक्त घोणशीच्या अगदी विरळ केलेल्या विषाने गोठलं! चावली तर ते विष रक्तातली गोठवणारी द्रव्यंच संपवून टाकतं, मग रक्त थांबत नाही. थेंबभर पाण्यात विरवलं की औषध.

कारण हे विष गोठण्याच्या साखळीतल्या आधीच्या पायऱ्या ओलांडून थेट दहाव्या घटकाला जागं करतं. हिमोफिलियात बहुधा आठवा नसतो, त्यामुळे त्याचं अडत नाही.

१९८६ मध्ये थ्यागराजन, पेंगो आणि शापिरो यांनी याचीच तपासणी बेतली. प्लाझ्मात विरळ विष, कॅल्शियम आणि मुद्दाम अगदी थोडं फॉस्फोलिपिड घालायचं आणि सेकंद मोजायचे. रक्तात त्या फॉस्फोलिपिडच्या आड येणारी प्रतिद्रव्यं असतील तर गोठायला उशीर होतो. मग फॉस्फोलिपिड भरपूर घालून पुन्हा मोजायचं. वेळ कमी झाला, तर चोर सापडला. बहिणीचा झाला.

गंमत म्हणा की क्रूरपणा, नळीत उशिरा गोठणारं हे रक्त शरीरात मात्र नको तिथे गोठतं. वारेतसुद्धा. उपाय आहे: गरोदरपणात ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं.

पण एका रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तिचे सात झालेत. कॅलेंडरवर तिने स्वतःच खूण केलीये, आणि खाली पेन्सिलीने एक छोटा साप काढलाय.