वऱ्हाड प्रांत गहाण पडला त्याची हकीकत

हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा एक नवी बोली कानावर येते. समजा, राळेगावच्या बाजारपेठेत एका गृहस्थाने पाचसहा गाळे बांधले आणि भाड्याने दिले. पुढे आणखी गाळे बांधायचे त्याच्या मनात आले, की तो बँकेत जातो. बँक पहिल्यांदा विचारते, "भाडं किती येतं? करार किती वर्षांचा आहे?" आणि त्या येणाऱ्या भाड्याच्या जोरावर कर्ज मंजूर करते. भाडेकरूने भाडे सरळ बँकेतल्या खात्यात भरायचे, बँकेने त्यातून हप्ता कापायचा, उरेल ते मालकाचे.

लोक म्हणतात, ही शहरातली नवी टूम आहे. पण आपल्या भागाला ही टूम नवी नाही. राळेगाव ज्या वऱ्हाडात आहे, तो प्रांतच्या प्रांत एकदा असाच उत्पन्नाच्या तारणावर परक्याच्या ताब्यात गेला, आणि पुढे पुन्हा मूळ मालकाच्या हाती आला नाही. ती हकीकत आज सांगायची आहे. शाळेत ती राजेरजवाड्यांच्या तहांची यादी म्हणून शिकवली जाते. खरे पाहता ती देण्याघेण्याची गोष्ट आहे, आणि देणेघेणे खेड्यातल्या माणसाला चांगले समजते.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे शेत मक्त्याने देतात. म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून घ्यायची, मग पीक कमी आले काय किंवा जास्त आले काय, ते मक्तेदाराचे नशीब. दुसरा शब्द ताबेगहाण. यात सावकार पैसे देतो आणि जमिनीचा ताबा घेतो. जमिनीचे उत्पन्न तो व्याजापोटी खातो, किंवा व्याज आणि मुद्दल दोन्हींपोटी वळते करून घेतो. वऱ्हाडची सारी कथा या दोन शब्दांत मावते.

१८०३ साली अकोल्याकडे अडगावच्या मैदानात इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून सुटला आणि निजामाकडे गेला. तेव्हापासून राळेगावच्या बाजूचा काठ हैदराबादचा आणि पलीकडचा हिंगणघाटचा काठ नागपूरचा, अशी वाटणी पक्की झाली.

निजामाच्या दरबारात पुढे राजा चंदूलाल यांच्या हाती कारभार आला. खर्च मोठा, खजिना रिकामा. त्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज निजामाच्या पैशाने पोसावी लागे. तिला पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यायचा आणि सारा तर सुगीनंतर येणार. मधल्या दिवसांसाठी कर्ज काढायचे, आणि कर्जापोटी परगण्यांचा वसूल लिहून द्यायचा, अशी रीत पडली.

हे कर्ज देणारी मोठी पेढी होती विल्यम पामर आणि कंपनी. १८२० च्या सुमारास तिने निजाम सरकारला भारी व्याजाने रकमा दिल्या आणि वऱ्हाड व औरंगाबादकडचा वसूल त्यापोटी लिहून घेतला. या पेढीतल्या एका भागीदाराचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जशी घरोबा होता, म्हणून तिला कोणी हटकत नसे. पुढे रेसिडेंट मेटकाफ यांनी हे प्रकरण उघड केले आणि तिचे देणे एकदाचे मिटवायचे ठरले.

ते कसे मिटवले, हे शिक्षकमंडळींनी मुलांना फळ्यावर जरूर मांडून दाखवावे. आंध्र किनाऱ्यावरचा 'उत्तर सरकार' नावाचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि त्याबद्दल ते निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असत. एका अर्थी ते मुलखाचे भाडेच होते. १८२३ साली इंग्रजांनी म्हटले, "दरसालचे सात लाख आता बंद, त्याऐवजी एकरकमी पैसे घ्या." रक्कम ठरली १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये. हा आकडा कोठून आला? शंभर रुपयांवर सहा रुपये व्याज धरले, तर सात लाख व्याज मिळायला एवढेच मुद्दल लागते. सात लाखांना शंभरने गुणा आणि सहाने भागा, उत्तर तेच येते. येणाऱ्या भाड्याची आजची किंमत काढायची ही रीत बँकाही वापरतात, फक्त त्यांचा करार ठरावीक वर्षांचा असतो म्हणून हिशेब थोडा वेगळा होतो. त्या पैशातून पामर पेढीचे देणे भागले आणि निजामाची कायमची आवक मात्र गेली. जुने कर्ज फिटले, पण ज्या खर्चामुळे ते झाले होते तो खर्च तसाच राहिला.

मग पुन्हा कर्ज, पुन्हा वऱ्हाडचा वसूल गहाण. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडचा बराच भाग मक्त्याने गेला. त्याच्यामागून पेस्तनजी यांची पारशी पेढी आली. या पेढीची गोष्ट निराळी आहे. तिने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर पश्चिम किनाऱ्याकडे नेला, शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या आणि खामगावसारख्या ठिकाणी रुईच्या गाठी दाबण्याचे दाब बसवले. १८४१ साली राज्याला दिलेल्या कर्जापोटी तिला वऱ्हाडचे मोठे परगणे वसुलीसाठी मिळाले. १८४३ साली चंदूलाल पायउतार झाले. नव्या कारभाऱ्याने परगणे परत मागितले, पेढीने नकार दिला आणि १८४५ साली तिला जबरीने बाहेर काढण्यात आले. पेढीचे म्हणणे, आमचे सुमारे चाळीस लाख येणे बाकी आहे.

आता यात रयतेचे काय झाले, ते पाहा. ज्याच्याकडे मक्ता, त्याला आपली रक्कम व्याजासकट लवकर वसूल करायची घाई. उद्या दुसरा जास्त बोली लावील आणि आपला मक्ता जाईल, ही धास्ती. असा माणूस विहीर कशाला खणील, बांध कशाला घालील? भाडेकरूच्या घराचे छप्पर गळते आणि मालक म्हणतो, मला हप्ता भरायचा आहे, तशातली गत. सारा चढत गेला आणि कित्येक गावे ओस पडली.

इकडे कंटिन्जंटचा पगार थकत गेला. शांततेच्या काळात ही फौज पोसलीच पाहिजे, असे कोणत्याही तहात स्पष्ट लिहिलेले नव्हते. तरी इंग्रज स्वतःच्या खजिन्यातून पगार देत गेले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडत गेले. अखेर २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या दडपणाखाली तह झाला. वऱ्हाड, धाराशिवकडचा भाग आणि रायचूर दुआब, असा दरसाल सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. कागदावर गहाण हा शब्द नव्हता. 'सोपवलेले जिल्हे' असा शब्द होता. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांनी दरसाल खरा हिशेब द्यावा आणि शिल्लक निजामाला द्यावी, अशी अट होती. याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली तेही राज्य खालसा झाले. वर्धेचा एक काठ देण्यापोटी गेला, दुसरा वारस नाही म्हणून गेला.

यापुढचे कलम या कथेचे मर्म आहे. १८६० साली नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे जुने देणे इंग्रजांनी माफ केले. धाराशिव आणि रायचूर परत दिले. सगळ्यांना वाटले, निजामाचे बरे झाले. पण त्याच तहात निजामाने हिशेब मागण्याचा हक्क सोडला. मागचा, चालू वर्षाचा आणि पुढचाही. कारभाराचा खर्च किती करायचा, हे सर्वस्वी इंग्रजांच्या मर्जीवर. खर्च जाऊन उरेल ते देऊ. आता तुम्हीच सांगा, खर्च ठरवणारा तोच आणि हिशेब मागायचा नाही, तर उरणार काय आणि कळणार काय?

आणि नेमकी त्यानंतर वऱ्हाडची भरभराट झाली. १८६१ पासून जमिनीची मोजणी होऊन सारा शेतकऱ्याच्या नावे बसू लागला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. उत्पन्न वाढले, पण त्याबरोबर कारभाराचा खर्चही वाढता दाखवला गेला. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. एक मोठी रक्कम ठेव म्हणून ठेवतो, तिच्या व्याजातून फौजेचा पगार भागवा आणि आमचा प्रांत द्या, असेही त्यांनी सुचवले. सावकाराला मुद्दल मिळाले तर गहाण सुटते, हे साधे तत्त्व. १८७६ साली ते विलायतेलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही.

शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या काळात करार झाला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आणि निजामाला दरसाल २५ लाख रुपये ठरलेले भाडे. मालक नावाचा मालक राहिला. कापूस वाढो, लोकसंख्या वाढो, भाडे पंचवीस लाखांपुढे जायचे नाही. पुढल्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

या हकीकतीतून काय घ्यायचे? उत्पन्नावर कर्ज काढणे वाईट, असे ती सांगत नाही. पेस्तनजींच्या आगाऊ रकमांमुळेच इथल्या कापसाला मुंबईची वाट सापडली. पण अशा कर्जात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, कर्ज कशासाठी? पगार भागवायला काढलेले कर्ज पगार संपला की संपते, हप्ता मात्र राहतो. गाळा बांधायला काढलेले कर्ज निदान गाळा मागे ठेवते. दुसरी, उत्पन्न मोजताना वाईट साल धरले का? महिन्याला वीस हजार भाडे आणि अठरा हजार हप्ता, हा हिशेब कागदावर बसतो. कापूस बुडाला, बाजार थंड पडला आणि दोन गाळे चार महिने रिकामे राहिले, की तो मोडतो. शिवाय दुरुस्ती आणि घरपट्टी त्यातूनच निघायची असते.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथे आपण निजामापेक्षा भाग्यवान आहोत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, ताबा घेतलेल्या सावकाराला जमाखर्चाचा चोख हिशेब ठेवावा लागतो आणि गहाण टाकणाऱ्याने मागितला की दाखवावा लागतो. पैसे फेडल्यावर मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. उत्पन्नातून देणे फिटेल असा करार असेल, तर ते फिटल्यावर ताबा परत मिळतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले आहे, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. बँक भाड्यावर कर्ज देताना हाच नोंदवलेला कागद आधी मागते.

तेव्हा राळेगावचा आमचा गाळेवाला बँकेत गेला, तर त्याने जरूर कर्ज घ्यावे. मात्र सहीच्या आधी करार पूर्ण वाचावा, दरसाल खात्याचा उतारा मागावा आणि शेवटचा हप्ता भरल्यावर तारणाचे कागद आणि बाकी नसल्याचा दाखला घेऊनच घरी यावे. १८६० साली हैदराबाद दरबाराने पन्नास लाखांच्या माफीकडे पाहिले आणि हिशेबाच्या कलमाकडे पाहिले नाही. त्या एका कलमाची किंमत सगळ्या वऱ्हाडएवढी होती.