मींडेला फाँट नाही

सतारीला पडदे असतात; सारंगी, सरोद, व्हायोलिनला नसतात. तिथे सा वरून ग वर जाताना बोट मधला सगळा रस्ता तुडवत जातं, आणि आपल्या संगीतातली निम्मी गंमत त्या रस्त्यातच असते. आता हा रस्ता कागदावर लिहायचा कसा?

मंडळी, हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) पेशाने वकील. घराण्यांतल्या चिजा उस्तादांबरोबरच संपतील या काळजीने त्यांनी त्या गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यांची स्वरलिपी एकदम सुटसुटीत. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मींड असेल तर स्वरांवर एक कमान. बस्स! १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांचीही वेगळी लिपी होती, पण आज जास्त चालते ती भातखंड्यांचीच.

गोची अशी की, कमान फक्त 'इथून तिथे घसरत जा' एवढंच सांगते. किती वेळात, मध्ये कुठे रेंगाळायचं, याबद्दल ती गप्प. दरबारी कानड्याचा गंधार घ्या. नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला, संथ झोके घेणारा. छापील पानावर मात्र ग आणि खाली रेघ. भीमपलासीचा गंधारही अगदी तसाच दिसतो!

मग सॉफ्टवेअर आलं. १९९६ मध्ये हान-वेन निनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डच मंडळींनी लिलीपाँड सुरू केलं. स्वर टेक्स्टमध्ये टाइप करायचे, प्रोग्रॅम देखणं छापील नोटेशन काढून देतो. फुकट आणि ओपन सोर्स. त्यात क्वार्टर टोनची चिन्हंही आहेत. पण मींडेसाठी ग्लिसांडोची आज्ञा दिली की मिळते काय, तर दोन स्वरांमध्ये सरळ रेघ. म्हणजे भातखंड्यांची कमान ताणून सरळ केली, इतकंच.

मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी दुसरा मार्ग धरला. प्राट या सॉफ्टवेअरने ध्वनिमुद्रणातल्या सुरांचे आलेख काढले. त्यात रस्त्याचं प्रत्येक वळण दिसतं. पण तो एका कलाकाराचा, त्या दिवसाचा रस्ता. राग त्याहून मोठा.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्वरलिपी हे लॉसी कॉम्प्रेशन आहे आणि डीकोडर गुरूकडे आहे. भातखंड्यांनी फाइल वाचवली, हे उपकार थोर. डीकोडर मात्र पुस्तकात मावत नाही. पुण्याजवळ मुळशीतल्या कोळवणला चिन्मय नादबिंदूसारखं संगीताचं गुरुकुल आजही लागतं, ते यासाठीच.

तेव्हा लिलीपाँड जरूर वापरा, चिजा जपून ठेवा. पण दरबारीचा गंधार वाजवायचाय? मग ते पान घेऊन कुणाच्या तरी समोर बसावंच लागेल.