रंगभवनातील रॉकचा मेळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी देवस्थानाचा इतिहास लिहिते, कोणी गावच्या जुन्या वाड्यांचा. मी यंदा मुंबईच्या एका संगीतोत्सवाचा इतिहास लिहिते आहे, आणि तोही रॉक संगीताच्या. विषय ऐकून आमच्या चिटणीसबाईंनी डोळे मोठे केले. पण इतिहास काय फक्त दगडाविटांचाच असतो? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी मुंबईच्या भाच्याला विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले ते सांगते.

आधी रॉक म्हणजे काय ते सांगायला हवे. अमेरिकेत १९५० नंतर, तिथल्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून हा प्रकार निघाला. विजेवर वाजणारी गिटार, खालच्या सुरांची दुसरी गिटार, ड्रम आणि गाणारा, एवढ्यांच्या संचाला बँड म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे वरातीचा बँड येतो, तो हा नव्हे. हा आपल्या भजनी मंडळासारखा. कोणी पगारी साथीदार नाही, चारपाच जण आपणहून जमतात, तालीम करतात आणि एकमेकांशी भांडतात.

मुंबईत हे वारे १९६० नंतर शिरले. १९७० च्या सुमारास एका सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरत असे. षण्मुखानंद सभागृहात देशभरातले बँड येऊन वाजवीत. १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा मेळावाही झाला. पण या गोष्टी आल्या आणि गेल्या. परदेशी वाद्यांवर जबर जकात, त्यामुळे गिटार हाती लागणे मुश्किल. आणि मोठी अडचण निराळीच होती. ऐकणाऱ्यांना हवी असत विलायतेतली नावाजलेली गाणी. मुले तीच हुबेहूब वाजवीत. स्वतः रचलेले गाणे म्हटले की लोक चहा प्यायला उठत.

१९८६ साली फरहाद वाडिया या तरुणाने, जो स्वतःही वाजवणारा होता, आपल्याच देशातल्या बँडसाठी एक जलसा भरवला. जागा धोबीतलावचे रंगभवन. झेवियर कॉलेजच्या मागचे हे उघडे नाट्यगृह, वर आभाळ आणि खाली पायऱ्यांवर श्रोते. दिवस स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचे, म्हणून नाव पडले ‘इंडिपेंडन्स रॉक’. मुले त्याला लाडाने आय-रॉक म्हणतात. (पंधरा ऑगस्ट मुंबईकरांचा. आपल्या मराठवाड्याला ते सुख तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला मिळाले, हे भाच्याला मी मुद्दाम ऐकवले.) ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. उघड्या नाट्यगृहात पावसाळी जलसा भरवायचा म्हणजे हिंमतच म्हणायची!

दरसालचा ठरलेला दिवस ही गोष्ट साधी वाटते, पण माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. सणाची तारीख माहीत असली की बाई आठ दिवस आधी भाजणी भाजायला घेते. तारीख नसेल तर डबा रिकामाच राहतो. गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी किती गाणारे घडवले! पुण्याला पंडित भीमसेन जोशींनी १९५३ पासून गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव चालवला, त्याची पुण्याई आपण जाणतोच. रॉकवाल्या मुलांना असा हक्काचा दिवस नव्हता, तो आता मिळाला. नवे बँड आधी आणि नावाजलेले मागाहून, असे एकाच मंचावर उभे राहू लागले.

मुंबईच्याच ‘रॉक मशीन’ या संचाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तो १९८४ मध्ये निघाला. आधी परक्यांची गाणी वाजवणाऱ्या या मुलांनी १९८८ साली स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. उदय बेनेगल गायला आणि महेश टिनईकर गिटारवर. १९९३ मध्ये त्यांनी नावही बदलून ‘इंडस क्रीड’ केले. त्यात सिंधू नदी आली, याचे मला बरे वाटले. गाणी मात्र इंग्रजीच. ते मला अजूनही खटकते. केरळचा ‘अवियल’ मल्याळममध्ये गातो, दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ हिंदीत गातो, मग मराठीनेच काय घोडे मारले आहे?

दिल्लीहून ‘परिक्रमा’ (१९९१ चा संच) रंगभवनात येऊ लागला. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’चा गायक विशाल दादलानी, म्हणजे आपण टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून पाहतो तोच. सिनेमाला संगीत देण्याआधीपासून हा गृहस्थ याच मंडळींत घसा फोडून गात होता, हे ऐकून आमच्या शेजारणीचा विश्वास बसेना.

मात्र या मंचावर बायका फार थोड्या दिसतात. माझी धाकटी गिटार शिकते. रविवारी बियाण्याच्या गोदामात तिघी मैत्रिणी जमतात, कारण घरी वाजवले की गल्लीतून निरोप येतो, “मुलीला आवरा.” मी आवरलेले नाही. २०१२ च्या डिसेंबरात श्रीनगरला दहावीच्या तीन मुलींच्या ‘प्रगाश’ या संचाने एका स्पर्धेत वाजवले. त्यांना धमक्या आल्या, तिथल्या बड्या धर्मगुरूंनीही विरोध केला, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी वाजवणेच सोडले. प्रगाश म्हणजे काश्मिरीत प्रकाश. त्या मुलींच्या आयांचे काय झाले असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

रंगभवनावर संकट आले ते मात्र धर्माचे नव्हे, आवाजाचे. शेजारी इस्पितळे आणि कॉलेज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि पुढच्या काही वर्षांत रंगभवनातले मोठ्या आवाजाचे जलसे बंद झाले. भाचा याबद्दल सरकारवर फार चिडतो. मी चिडू शकत नाही. सासूबाई दवाखान्यात असताना बाहेर मिरवणुकीचा डीजे थडथडत होता, तेव्हा त्यांचा हात मी रात्रभर धरून बसले होते. आजारी माणसाची झोप आधी. पण एक जागा काढून घेतली तर तशीच दुसरी द्यायला नको का? भाडे परवडेल आणि गाडीने पोहोचता येईल अशी? ती काही सरकारने दिली नाही.

उत्सव मग अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. तिथे काही वर्षे चालला आणि पुढे बंद पडला. मधली बरीच वर्षे तो झालाच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पावसाळा टाळून, माझगावला समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत तो पुन्हा भरला. भाचा गेला होता. तो सांगत होता, “मावशी, रंगभवनाच्या पायऱ्यांवर भिजत बसलेली मंडळी आता टक्कल पडलेली, गुडघे धरून चालणारी. पोरांना खांद्यावर घेऊन आली होती, आणि पोरांच्या कानांत कापसाचे बोळे!”